खानापूरच्या मातीतला एन्मेटेना: सीमा-शंकूच्या प्रतिकृती संचाचे परीक्षण

प्राचीन सुमेरमधल्या (आजचा दक्षिण इराक) लागाश राज्याचा राजा एन्मेटेना याच्या नावाचा, शेजारच्या उम्माशी चाललेल्या सीमावादाचा लेख असलेला मातीचा शंकू आता बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तयार होऊन मिळतो. तिथल्या एका छोट्या मातीकाम कारखान्याने ही प्रतिकृती संच म्हणून विकायला काढली आहे. खोक्यात भाजलेला शंकू, ३२ पानांची मराठी पुस्तिका, चिन्हांचा तक्ता, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली अर्धा किलो ओली माती आणि दोन बोरू असतात. साधा शंकू असलेला संच १,८५० रुपयांना आहे, पॉलिश केलेला २,४०० ला. साधा घ्यावा. पॉलिशवाल्यावर साडेपाचशे रुपये जास्त मोजून लेख वाचता येईनासा होतो, त्यामुळे त्याची शिफारस कुणालाच करता येणार नाही. पुस्तिका कामाची आहे, पण हातात पेन्सिल घेऊन वाचावी लागते.

मूळ शंकू पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. उंची २७ सेंटिमीटर, व्यास १२.७, सहा स्तंभांत कीलाकार लिपीत, म्हणजे ओल्या मातीत दाबलेल्या पाचरीच्या आकाराच्या खुणांनी लिहिलेला, काळ इ.स.पू. २४०० च्या सुमाराचा. तो तेल्लोला सापडला. एर्नेस्ट द सार्झेक या फ्रेंच अधिकाऱ्याने १८७७ पासून तिथे खणायला सुरुवात केली होती. याच मजकुराची दुसरी प्रत अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पुस्तिकेच्या नकाशात तेल्लो म्हणजेच लागाश असे दाखवले आहे. ही जुनी समजूत कधीच मागे पडली. तेल्लो म्हणजे गिर्सू, राज्याचे धार्मिक केंद्र, निन्गिर्सू देवाचे ठाणे. लागाश शहर आजच्या अल-हिबाला होते. प्रतिस्पर्धी उम्मा म्हणजे आजचे तेल जोखा. नकाशावर एवढ्या तीन दुरुस्त्या पेन्सिलने करून ठेवा.

आता शंकूकडे. कारखान्याने माप पाळले आहे आणि ही साधी गोष्ट नाही. साच्यात ओतलेली माती आधी वाळताना आटते, मग भट्टीत आणखी आटते. खानापूरकडची कौलाची माती दोन्ही मिळून साधारण दहा टक्के आटते असे धरले, तर भाजल्यावर २७ सेंटिमीटर मिळायला साचा ३० सेंटिमीटरचा लागतो. अशा कामात बहुतेक जण फोटोवरून मूळ मापाचाच साचा करतात आणि हातात येतो चोवीस-साडेचोवीस सेंटिमीटरचा शंकू. मग चिन्हेही त्याच प्रमाणात बारीक होतात. इथे तसे झालेले नाही. पट्टी लावली तर उंची २६.८ ते २७.२ च्या मध्ये भरते.

शंकू आतून पोकळ आहे, भिंत १२-१३ मिलिमीटरची, तळाला हवेसाठी भोक. वजन दोन किलोच्या आसपास. भोक दिसते म्हणून काही ग्राहक तक्रार करतात, पण ते असायलाच हवे. भोक नसलेला पोकळ शंकू भट्टीत घातला की आतली हवा आणि उरलेल्या ओलाव्याची वाफ बाहेर पडायला वाट शोधते, आणि ती वाट भिंत फोडून निघते. भरीव केला तर प्रश्न आणखी बिकट होतो. बारा सेंटिमीटर जाडीचा गोळा बाहेरून खडखडीत वाळलेला दिसला तरी गाभ्यात आठवडेच्या आठवडे ओल राहते.

मातीत भाजलेल्या कौलांची भुकटी मिसळलेली आहे. तुटलेल्या कडेवर तांबूस दाणे दिसतात ते हेच. त्याने आटणे कमी होते, तडे कमी जातात. मात्र दाणा जाड राहिला तर नेमका खुणेच्या कडेवर येऊन बसतो आणि पाचरीचे टोक खडबडीत होते. बारीक चाळणीने चाळलेली भुकटी वापरली असती तर हे टळले असते. तिसऱ्या आणि चौथ्या स्तंभात हा दोष जास्त जाणवतो.

खरी अडचण साच्याच्या जोडाची आहे. प्लास्टरचा साचा दोन तुकड्यांचा आहे, आणि जोडाची रेघ दोन स्तंभांमधल्या मोकळ्या पट्टीवर यायला हवी होती. एका बाजूला ती तशी आली आहे. दुसऱ्या बाजूला ती स्तंभाच्या आतून गेली आहे आणि तिथे उंचवटा घासून काढताना चौकटींमधली चिन्हेही घासली गेली आहेत. साचा तीन तुकड्यांचा केला तर तिन्ही जोड मोकळ्या पट्ट्यांवर घेता येतील. शिवाय प्लास्टरचा साचा वीस-पंचवीस ओतीनंतर बोथट होतो. पाचरीचे तीक्ष्ण टोक आधी जाते, मग चौकटीची रेघ. त्यामुळे एकाच दुकानात ठेवलेल्या दोन शंकूंमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. निवडून घ्या, बंद खोके उचलू नका.

निवडायचे कसे? लेखाची सुरुवात 'एन्लील, लुगाल कुर-कुर-रा' अशी होते, म्हणजे एन्लील, सर्व देशांचा राजा. देवाच्या नावाआधी चांदणीचे चिन्ह येते, आणि त्याच वाक्यात पुढे 'सर्व देवांचा पिता' म्हणताना तीच चांदणी लागोपाठ दोनदा येते. या चांदण्या भिंगाखाली पाहा. किरण जिथे एकमेकांना छेदतात तिथला मध्य स्वच्छ, खोल दिसला तर साचा ताजा आहे. मध्य भरून आलेला, लापशीसारखा दिसला तर साचा म्हातारा झाला आहे, दुसरा शंकू मागा. मग 'कुर' पाहा. तीन पाचरींचा हा छोटा पुंजका दोनदा शेजारी येतो, तिन्ही सुट्या दिसल्या पाहिजेत. तक्त्याशी जुळवताना शंकू फिरवून पाहावा लागतो, कारण छापील चिन्हे मूळ लेखनाच्या दिशेपेक्षा पाव फेऱ्याने वळवलेली असतात. तक्त्यावर हे कुठेच लिहिलेले नाही. पहिल्यांदा घेणाऱ्याला त्यामुळे प्रतिकृतीच चुकीची वाटते.

दुकानातला वरचा ट्यूबलाइट या कामाला निरुपयोगी आहे. पाचरी खोलगट असतात आणि समोरून पडलेल्या उजेडात सपाट दिसतात. मोबाईलचा टॉर्च डाव्या बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून धरा. सावली पडली की चिन्हे उठून येतात. पॉलिशचा शंकू इथेच नापास होतो. वार्निशचा थर पाचरीच्या तळाशी साचतो, आणि तिरपा उजेड टाकला की सगळीकडे चकाकी दिसते, सावली दिसत नाही.

भाजणी ठीक आहे. बोटाने टिचकी मारली तर आवाज टणटणीत यायला हवा. बद्द आला तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे. एक दोष मात्र लगेच दिसत नाही. मातीत चुन्याचे बारीक खडे राहिले असतील तर भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, नंतर हवेतली ओल शोषून तो फुगतो आणि वरचा टवका उडवतो. पांढऱ्या ठिपक्याभोवती वाटीच्या आकाराचा टवका निघालेला दिसला तर कारण हेच. आपल्याकडच्या पावसात हे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कळते. म्हणून पावसाळ्यापूर्वी भाजून पावसाळाभर गोदामात राहिलेला आणि तरी टवका न उडालेला शंकू हा सर्वांत भरवशाचा. जून ते सप्टेंबरमध्ये ओतलेला माल शक्यतो घेऊ नका. खानापूरच्या पावसात तो पुरता वाळत नाही, आणि घाईने भट्टीत गेला की तळाजवळ तडा धरतो.

इतकी चिकित्सा कशासाठी, तर हा लेख वाचण्याजोगा आहे म्हणून. एन्मेटेना हा एनान्नातुम पहिला याचा मुलगा आणि उर-नान्शेचा पणतू. पुस्तिकेतल्या वंशवेलीत एआन्नातुम त्याचा बाप म्हणून छापला आहे. तो काका. शंकूवरच तसे नमूद आहे, म्हणजे पुस्तिका खोक्यातल्या वस्तूच्याच विरोधात जाते. शिवाय काही पानांवर 'एन्तेमेना' आणि काही पानांवर 'एन्मेटेना' आहे. दोन्ही एकच, पहिले वाचन जुने आहे. पण मुले दोन राजे मोजतात.

लेखाची सुरुवात माणसांपासून नाहीच. एन्लीलने आपल्या अढळ शब्दाने लागाशचा निन्गिर्सू आणि उम्माचा शारा या दोन देवांमध्ये हद्द आखली. जमीन देवांची, राजे नुसते वहिवाटदार. मग किशचा राजा मेसिलिम याने इश्तारान देवाच्या आज्ञेने मोजणीची दोरी ताणली आणि तिथे शिळा उभी केली. उम्माच्या उश नावाच्या शासकाने ती उखडून लागाशच्या शिवारात पाय ठेवला. लढाई झाली, मृतांचे ढीग रचले गेले. पुढे एआन्नातुमने उम्माच्या एनाकल्लेबरोबर पुन्हा हद्द ठरवली, सीमेवर कालवा काढला, मेसिलिमची शिळा पुन्हा उभी केली आणि उम्माच्या बाजूला २१५ निंदान रुंदीचा पट्टा कुणाचाच नाही म्हणून सोडला. एक निंदान सुमारे सहा मीटर, म्हणजे जवळजवळ १.३ किलोमीटर. पुस्तिकेने हे '२१५ मीटर' छापले आहे. ही चूक मोठी आहे, कारण सगळा वाद या पट्ट्याच्या रुंदीवरच उभा आहे. २१५ मीटरची पट्टी बैलजोडीला दोन-चार दिवसांचे काम, १.३ किलोमीटर म्हणजे अख्खे शिवार.

पुढचा भाग बेळगाव-खानापूर पट्ट्यात बांधावरून कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. उम्माने लागाशचे जव खायचे ते कर्ज म्हणून, व्याजासकट फेडायचे. फेड झाली नाही, व्याजावर व्याज चढत गेले, आणि थकबाकी अशा आकड्याला पोचली की तो कुणालाच फेडता आला नसता. उम्माचा शासक उर-लुम्मा याने फेडण्याऐवजी सीमेच्या कालव्याचे पाणी वळवले, शिळांना आग लावून त्या फोडल्या, बांधावरची देवळे पाडली आणि परदेशी माणसे भाड्याने घेऊन हद्द ओलांडली. एनान्नातुम त्याच्याशी लढला, पण निकाल लावला एन्मेटेनाने. उर-लुम्मा पळाला तो उम्मातच मारला गेला, आणि कालव्याच्या काठावर गाढवे जुंपलेले त्याचे ६० ताफे मागे राहिले. मग झाबालाच्या देवळाचा कारभारी इल उम्माच्या गादीवर बसला. त्याने पुन्हा पाणी तोडले, जवाचे फक्त ३,६०० गुर (धान्याचे माप) परत केले आणि वर म्हणाला की सीमेचा कालवा माझाच आहे. शेवटी एन्मेटेना तिग्रीस नदीपासून सीमेचा कालवा नव्याने काढतो, त्याचा पाया दगडात बांधतो, आणि लेख शापावर संपतो. उम्माचा जो कोणी ही हद्द ओलांडेल त्याच्यावर निन्गिर्सूने आपले महाजाळे टाकावे आणि त्याच्याच शहरातल्या लोकांनी उठून त्याला त्याच्याच शहरात मारावे.

पुस्तिका या सगळ्याला मुखपृष्ठावर 'जगातला पहिला सीमाकरार' म्हणते. तिची सर्वांत मोठी चूक हीच. शंकू हा करार नाही, ती लागाशची कैफियत आहे. एका पक्षाने देवासमोर मांडलेली, स्वतःच्या प्रत्येक चालीला न्याय आणि समोरच्याच्या प्रत्येक चालीला उद्दामपणा म्हणणारी. मेसिलिमने नेमका काय निवाडा दिला ते त्याच्या तोंडून आपल्याकडे आलेलेच नाही. आलेले आहे ते लागाशच्या लेखनिकाने सांगितलेले. मेसिलिम खरा होता याला स्वतंत्र पुरावा आहे. त्याने निन्गिर्सूला वाहिलेले गदेचे दगडी डोके गिर्सूलाच सापडले आणि त्यावर लागाशचा तेव्हाचा शासक लुगाल-शा-एन्गुर याचे नाव आहे. पण सीमेबद्दल त्यावर एक अक्षर नाही. उम्माच्या बाजूनेही गिशाकिदू या शासकाचा सीमेसंबंधीचा लेख मिळालेला आहे. पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही. ३२ पानांपैकी एक पान त्याला दिले असते तर मुलांना दुसरी बाजू निदान आहे एवढे तरी कळले असते.

शंकूला 'शिवेचा दगड' म्हणणेही चूक. शिवेवर उभ्या होत्या त्या शिळा. ब्रिटिश म्युझियममध्ये एन्मेटेनाच्याच काळचा एक सीमास्तंभ आहे. तिथले अभ्यासक आयर्विंग फिंकल यांनी २०१८ मध्ये त्याचे वाचन मांडले, त्यात निन्गिर्सूचे नाव ठळक, जुन्या वळणाच्या अक्षरांत कोरलेले आणि उम्माच्या देवाचे नाव वाचता येऊ नये इतके गिचमिड केलेले दिसते. लेखनिकानेही पक्ष घेतला होता. कारखान्याने पुढची प्रतिकृती करायची तर याची करावी.

पुस्तिकेचे शेवटचे पान आपल्या सीमाप्रश्नावर आहे. बेळगाव जिल्ह्यात छापलेल्या पुस्तिकेत ते येणारच, त्याला हरकत नाही. पण मेसिलिमच्या शेजारी महाजन आयोग मांडला आहे आणि ती जोडी जुळत नाही. १९६६ ला नेमलेल्या आयोगाचा १९६७ चा अहवाल छापील आहे, दोन्ही राज्यांना तो शब्दन्‌शब्द वाचता येतो आणि त्यावर कडाडून भांडताही येते. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तोही कागदावरच चालतो. सुमेरमध्ये एकाच बाजूचा आवाज मोठ्याने ऐकू येतो. मराठी शाळेत हा शंकू दाखवताना लागाश म्हणजे आपण आणि उम्मा म्हणजे ते, असे वर्ग आपोआप ठरवून टाकतो. गुरुजींनी उम्माच्या बाजूने एक तास बोलून पाहावे. इल कदाचित काय म्हणत असेल? पाणी वरून येते, कालवा आमच्याही शेताजवळून जातो, आणि हे व्याज ठरवले कुणी?

संचातला लिहिण्याचा भाग मुलांना सर्वांत आवडेल, आणि तोच सर्वांत अर्धवट आहे. दिलेले दोन्ही बोरू लेखणीसारखे टोक काढून कापलेले आहेत, शाईने पुस्ती गिरवायला उत्तम. पाचरीचे लेखन ओढून होत नाही, दाबून होते, आणि त्याला टोक नको, कोपरा हवा. धारदार चाकूने बोरूचे टोक सरळ आडवे छाटा. मग एका बाजूने सोलून पाच-सहा मिलिमीटर रुंदीची सपाट पट्टी ठेवा, म्हणजे तिचा कोपरा काटकोनात येतो. आकडे लिहायला दुसऱ्या बोरूचे गोल टोक तसेच राहू द्या. त्या काळी आकड्यांच्या खुणा गोल टोक सरळ किंवा तिरके दाबून काढत.

दिलेली माती घट्ट येते. थोडे पाणी शिंपडून दहा मिनिटे मळा, दोन सेंटिमीटर जाडीची वडी थापा, ओल्या अंगठ्याने वरचा भाग गुळगुळीत करा आणि सावलीत अर्धा-पाऊण तास ठेवा. बोट दाबले की ठसा उठावा पण बोटाला माती लागू नये, ही वेळ. दोरा ताणून दाबला की स्तंभाच्या आणि चौकटीच्या रेघा सरळ येतात. मग कोपरा तिरका धरून दाबा आणि सरळ वर उचला. माती बोरूला चिकटून वर येत असेल तर ती अजून ओली आहे. पाचरीच्या कडा फुगून वर येत असतील तर हात जड पडतो आहे. कडेला केसासारखे तडे जात असतील तर उशीर झाला, पुन्हा मळा. पुस्तिकेत यातली एकच ओळ आहे: 'बोरूने मातीवर लिहा.' त्यामुळे वर्गातली निम्मी मुले माती ओरबाडत बसतात आणि पाचरीऐवजी नांगराचे तास उमटतात.

मुलांच्या वड्या घरच्या चुलीत भाजायच्या फंदात पडू नका. आच एकसारखी लागत नाही आणि ओल राहिली असेल तर तुकडे उडतात. वाळवून ठेवल्या तरी पुरे, फक्त पावसाळ्यात डब्यात ठेवा. भाजायच्याच असतील तर पंधरा दिवस सावलीत वाळवून कुंभाराच्या आव्यात द्या.

शंकू पुसताना ओले फडके नको, मऊ ब्रशने धूळ झटका. उभा ठेवताना खाली लाकडी कडे घ्या. तळाला किंचित बाक असल्यामुळे तो टेबलावर डुगडुगतो आणि शाळेच्या कपाटाचे दार जोरात लागले तर पडायला वेळ लागणार नाही. कुरिअरने मागवण्यापेक्षा खानापूरला जाऊन आणलेला बरा. पॅकिंगमध्ये भाताचा पेंढा भरतात, तो शंकूभोवती पुरेसा असतो, पण तळाच्या भोकापाशी मोकळी जागा राहते आणि आपटला तर तडा तिथूनच सुरू होतो. मागवायचाच असेल तर भोकात कापडाचा बोळा घालायला सांगा.

दहावीच्या वर्गाला, इतिहास मंडळाला किंवा गावच्या वाचनालयाला साधा संच घेण्याजोगा आहे. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी नुसती माती आणि बोरू घ्या, कारखाना ते सुटे १५० रुपयांत देतो. पॉलिशचा शंकू आधीच घेतला असेल तर थिनरने वार्निश काढायचा प्रयत्न करू नका. विरघळलेले वार्निश पाचरीच्या तळाशी जाऊन बसते आणि मग ते सुईनेही निघत नाही.